१.४४ ची फ्लॉपी १.६८ वर फॉरमॅट केली तर जकार्डला चालेल का? (२६८८ हुक, ४५०० पिक)

ताणाबाणा_सोलापूर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या युनिटसाठी विचारतोय. इलेक्ट्रॉनिक जकार्ड (मागावर ताण्याचे धागे हुकांनी उचलून नक्षी काढणारं यंत्र) २६८८ हुकांचा, कंट्रोलर जुना. डिझाइन फक्त साडेतीन इंची फ्लॉपीवरून घेतो. यूएसबी नाही, नेटवर्क नाही.

चादरीचं नवं डिझाइन ९० इंच लांब आहे, इंचाला ५० पिक (बाण्याचे आडवे धागे), म्हणजे ४,५०० पिक. मधे रिपीट नाही, सलग चित्र आहे. एका पिकाला २६८८ हुक, हुकाला एक बिट, म्हणजे ३३६ बाइट. ४,५०० पिकांचे १५,१२,००० बाइट. वर थोडा हेडर. कॅडमधून निघणारी फाइल दाबलेली नसते. १.४४ च्या फ्लॉपीवर मोकळी जागा १४,५७,६६४ बाइट, त्यात ४,३३८ पिक बसतात. थोडक्यात १६२ पिक कमी पडतात.

विंडोज ९५ च्या मूळ फ्लॉप्या १.६८ एमबीच्या होत्या हे माहीत आहे. तसं फॉरमॅट केलं तर जागा भरपूर होते. माझे प्रश्न असे:

डिझाइन किती भरवशाने टिकेल? कंट्रोलर ती वाचेल का? ऑफिसातल्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवर असं फॉरमॅट करता येतं का?

आणखी एक. शेजारच्या शेडमधला दुसरा कंट्रोलर ७२० केबीच घेतो. त्या डीडी (७२० च्या) फ्लॉप्या आता मिळत नाहीत. एचडी (१.४४ च्या) फ्लॉपीच्या भोकावर पट्टी चिकटवून वापरलं तर चालेल का? उलट, भोक पाडून १.४४ केलेल्या जुन्या डीडी फ्लॉप्यांचा एक डबा स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

---

शून्य_ट्रॅक

डब्याचं आधी सांगतो: घेऊ नका. कारण खाली देतो.

आता १.६८. जास्तीची जागा येते कुठून हे कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

साडेतीन इंची ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे घेतो, म्हणजे एक फेरा २०० मिलिसेकंदांचा. एचडीचा वेग सेकंदाला ५ लाख बिट. एका फेऱ्यात १ लाख बिट, म्हणजे १२,५०० बाइट. ही एका ट्रॅकची (चकतीवरच्या एका गोल पट्ट्याची) कच्ची जागा. १.४४ मध्ये ट्रॅकचे १८ तुकडे म्हणजे सेक्टर असतात, त्यांत तुमचा डेटा फक्त ९,२१६ बाइट असतो. उरलेली जागा वाया जात नाही, ती सुरक्षेसाठी सोडलेली असते.

प्रत्येक सेक्टरला स्वतःचा पत्ता, तपासणीचे आकडे आणि हेडला लय पकडायला लागणारी पट्टी लागते. ५१२ बाइटच्या सेक्टरला हे सगळं धरून ५७४ बाइट लागतात. ट्रॅकच्या सुरुवातीला १४६ बाइट जातात. दोन सेक्टरांच्या मधे जी मोकळी जागा सोडतात ती गॅप, १.४४ मध्ये ती १०८ बाइटची. हिशेब करा: १४६, अधिक १८ गुणिले ५७४, अधिक मधल्या १७ गॅप. बेरीज १२,३१४. शिल्लक १८६ बाइट, म्हणजे जवळपास बरोबर दीड टक्का. ड्राइव्हच्या वेगात दीड टक्का इकडेतिकडे चालतं असं धरलेलं असतं, म्हणजे २९५.५ ते ३०४.५ फेरे. एखादा ड्राइव्ह ३०४.५ वर पळत असला तरी १८ सेक्टर त्या फेऱ्यात कसेबसे मावतात. आकडा उगाच आलेला नाही.

१.६८ साठी २१ सेक्टर घातले की गॅप १२ बाइटवर येते. बेरीज १२,४४०, शिल्लक ६० बाइट, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी. ड्राइव्ह अर्धा टक्का जोरात पळाला तर शेवटचा सेक्टर पुन्हा सुरुवातीवर येऊन आदळतो.

पण खरं दुखणं फॉरमॅट करताना दिसत नाही, नंतर लिहिताना दिसतं. समजा एका ड्राइव्हवर फॉरमॅट केलं, तो दीड टक्का हळू होता. लिहिलं दुसऱ्यावर, तो दीड टक्का जोरात. दोन्हींत मिळून ३ टक्के फरक. लिहिला जाणारा भाग साधारण ५३० बाइटचा असतो, तो ३ टक्क्यांनी लांबला की १६ बाइट पुढे जातो. गॅप १०८ असेल तर काहीच बिघडत नाही. गॅप १२ असेल तर पुढच्या सेक्टरचा पत्ताच पुसला जातो. म्हणजे तुम्ही लिहिलेला सेक्टर ठीक आणि न लिहिलेला शेजारचा मेला. फाइल सेव्ह करताना एरर येत नाही, ती यंत्रावर येते.

म्हणून मायक्रोसॉफ्टच्या त्या २१ सेक्टरच्या फ्लॉप्या फक्त वाचण्यासाठी होत्या. कारखान्यात एकदाच सलग लिहायच्या, ग्राहकाने नुसत्या वाचायच्या. रोज डिझाइन बदलून लिहिण्यासाठी तो प्रकार नाही.

एक गैरसमज मात्र दूर करतो. २१ सेक्टर केल्याने चुंबकीय थरावर जास्त ताण येत नाही. बिटांची दाटी तीच राहते, इंचाला सर्वात आतल्या ट्रॅकवर १७,४३४. फक्त गॅप आटते. ८० च्या जागी ८२-८३ ट्रॅक घालणारे फॉरमॅट वेगळे. त्यात हेड ७९ व्या ट्रॅकच्याही आत जातं, तिथे घेर लहान आणि दाटी जास्त. शिवाय काही ड्राइव्हचं हेड तिथवर पोचतच नाही, आतल्या टोकाला जाऊन धडकत राहतं. ते तर यंत्रासाठी पूर्ण वर्ज्य. आयबीएमचा १.८४ वाला प्रकारही तसाच: एकाच ट्रॅकवर वेगवेगळ्या आकाराचे सेक्टर, खास ड्रायव्हर असल्याशिवाय कोणी वाचू शकत नाही.

तुम्हाला २१ लागतच नाहीत, हे मात्र लक्षात घ्या. १९ सेक्टर घ्या. ८० ट्रॅक, २ बाजू, १९ सेक्टर म्हणजे १५,५६,४८० बाइट. बूट सेक्टर (फ्लॉपीचा पहिला), फॅट (फाइलीचे तुकडे कुठे आहेत त्याचा तक्ता) आणि डिरेक्टरी (नावांची यादी) मिळून ३३ सेक्टर वजा केले की १५,३९,५८४ उरतात. ४,५८२ पिक बसतात, तुमचं काम होतं. आणि १९ ला गॅप ७० ठेवली तर बेरीज १२,३१२ येते, म्हणजे वेगाची सूट मूळ १.४४ इतकीच राहते. गॅप ७०, गरज १६ ची. २० सेक्टरलाही गॅप ३६ ठेवून बेरीज १२,३१० येते. तेही चालण्यासारखं आहे. २१ ला तीच सूट ठेवायची तर गॅप ५ बाइट उरते. सीमा २० आणि २१ च्या मधे आहे.

यूएसबी ड्राइव्हवर यातलं काहीही होणार नाही. त्याच्या आतला कंट्रोलर ७२०, १.४४ आणि जपानी १.२ सारखे ठरावीक प्रकारच ओळखतो. सेक्टर किती, गॅप किती हे बाहेरून सांगायची सोयच नाही. मदरबोर्डवर ३४ पिनांचा खरा फ्लॉपी कनेक्टर असलेला जुना पीसी लागेल. लिनक्समध्ये एफडीयुटिल्स नावाचा संच आहे, त्यात सुपरफॉरमॅट. त्याला सिलिंडर ८०, सेक्टर १९ सांगता येतात, गॅपचा आकडाही देता येतो. तो सुरुवातीला तुमच्या ड्राइव्हची कच्ची जागा मोजतो. तो आकडा लिहून ठेवा, १२,५०० पासून किती लांब आहे ते बघा. पडताळणी बंद करू नका, वेळ लागला तरी.

---

मागदुरुस्ती

शून्य_ट्रॅक यांनी फ्लॉपीचं बरोबर सांगितलंय. पण मालक, पीसीवर वाचायलंय म्हणून खूश होऊ नका. प्रश्न जकार्डच्या डब्यातल्या सॉफ्टवेअरचा आहे.

कंट्रोलर दोन जातींचे. एक जात आतून डॉसवर चालते. डॉस फ्लॉपीचा पहिला सेक्टर वाचतं, तिथे लिहिलेलं असतं की सेक्टर किती, बाजू किती. १९ लिहिलं असेल तर १९ धरून चालतं. अशा यंत्रावर १९, २० बहुतेक वाचले जातात. दुसरी जात कंपनीने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामची. त्यात १८ हा आकडा पक्का बसवलेला असतो.

आता हे नीट वाचा, कारण इथे कापड खराब होतंय. पक्का १८ वाला प्रोग्राम १९ ची फ्लॉपी वाचताना एरर देईलच असं नाही. प्रत्येक सेक्टर आपल्या जागी शाबूत असतो, तपासणीचा आकडा जुळतो. फक्त प्रोग्राम चुकीचा सेक्टर मागतो. पहिल्या बाजूचे १८ झाले की तो लगेच दुसऱ्या बाजूला उडी मारतो, १९ वा सेक्टर मागेच राहतो. पुढे चूक साठत जाते. २१ सेक्टरच्या मायक्रोसॉफ्ट पद्धतीत फॅट लहान आणि डिरेक्टरी एकच सेक्टर. डेटा १२ व्या क्रमांकापासून सुरू होतो, शून्यापासून मोजलं तर. म्हणजे पडद्यावर नाव दिसतं, फाइल उघडते, १२ ते १७ हे ६ सेक्टर बरोबर येतात. ६ सेक्टर म्हणजे ३,०७२ बाइट. तुमच्या ३३६ च्या हिशेबात ९ पिक. दहाव्या पिकापासून नक्षी फाटते. आणि यंत्र मुकाट विणत राहतं.

म्हणून पहिली चाचणी खऱ्या डिझाइनने करू नका. कॅडमध्ये ४,५०० पिकांचं एक साधं डिझाइन करा: एकच तिरकी रेघ, प्रत्येक पिकाला एक हुक पुढे, २६८८ झाले की परत पहिल्यावर. कंट्रोलरवर प्रिव्ह्यू असेल तर पडद्यावर बघा. प्रिव्ह्यू नसेल तर शटल किंवा रेपियर (बाणा टाकणारा भाग) बंद ठेवून नुसता जकार्ड हळू चालवा आणि हुकांची उचल बघा. रेघ सलग गेली तर सेक्टरांचा क्रम बरोबर. कुठे तुटून उडी मारली तर तिथेच थांबा. तो पिक क्रमांक लिहून घ्या, त्यावरून कुठला सेक्टर चुकला ते काढता येतं.

दुसरं, वेळ. गॅप कमी झाली की जुन्या कंट्रोलरला एक सेक्टर वाचून पुढच्यासाठी तयार व्हायला वेळ मिळत नाही. तो सेक्टर हुकला की पूर्ण एक फेरा थांबावं लागतं. वाईटात वाईट म्हणजे २१ सेक्टरांना २१ फेरे, एका ट्रॅकला ४.२ सेकंद, १६० ट्रॅकना ११ मिनिटं. म्हणून मायक्रोसॉफ्टने सेक्टर एकाआड एक मांडले होते. १९ ला गॅप ७० असेल तर हा त्रास बहुतेक येत नाही. लोड व्हायला १.४४ पेक्षा फारच जास्त वेळ लागला तर कारण हेच समजा.

---

ताणाबाणा_सोलापूर

दोघांचेही आभार. जुना पीसी उभा केला. सुपरफॉरमॅटने कच्ची जागा १२,४५० च्या आसपास दाखवली. १९ सेक्टर, गॅप ७०, एकही खराब सेक्टर नाही. एकच फाइल टाकली. पीसीवर परत वाचून मूळ फाइलशी बाइट-बाइट जुळवली, फरक शून्य.

यंत्रावर मात्र फ्लॉपी रिकामी दिसते. एरर नाही, "फाइल नाही" एवढंच. तीच फाइल छोटी करून साध्या १.४४ वर टाकली तर लगेच दिसते. ड्राइव्ह जुळत नाही म्हणायचं, की सॉफ्टवेअर?

गंमत म्हणून २१ सेक्टर, गॅप १२ करून बघितलं. पीसीवर तेही बिनचूक झालं.

---

शून्य_ट्रॅक

सॉफ्टवेअर. आणि "रिकामी" हीच त्याची खूण आहे.

१९ सेक्टरच्या फ्लॉपीवर एक बूट सेक्टर आणि ९-९ सेक्टरांच्या दोन फॅट. शून्यापासून मोजलं तर ० ते १८. डिरेक्टरी १९ पासून. खऱ्या मांडणीत हा १९ वा म्हणजे दुसऱ्या बाजूचा पहिला सेक्टर. पण १८ धरून चालणारा प्रोग्राम दुसऱ्या बाजूचा पहिला सेक्टर १८ वा समजतो आणि १९ व्यासाठी दुसऱ्यावर जातो. तिथे डिरेक्टरीचा दुसरा तुकडा आहे. एका तुकड्यात १६ नावं मावतात, तुमची एकच फाइल पहिल्या तुकड्यात. दुसरा कोरा. यंत्र खरं तेच सांगतंय.

खात्री करायची असेल तर त्याच फ्लॉपीवर लेबल न देता २० लहान फाइली टाका, नावं ०१ ते २० अशी. यंत्राला १७ ते २० एवढ्याच दिसल्या तर शंका उरत नाही. ड्राइव्हचा दोष असता तर वाचताना अडखळला असता, एरर आली असती, आवाज करत पुन्हा पुन्हा प्रयत्न केला असता.

२१ च्या प्रयोगाबद्दल: ते बिनचूक झालं म्हणून हुरळून जाऊ नका. तुमच्या ड्राइव्हची कच्ची जागा १२,४५०, गरज १२,४४०. दहा बाइटने मावलं. मोटर जराशी जोरात फिरली की दहा बाइट जातात. आणि यंत्रातल्या ड्राइव्हचा वेग तर तुम्ही मोजलेलाच नाही.

---

मागदुरुस्ती

मग विषय मिटला मालक, या कंट्रोलरवर १.४४ च्या वर काहीही चालणार नाही. १९ नाही, २० नाही. उगं फॉरमॅटच्या मागे लागू नका. डिझाइन तोडा.

बऱ्याच कंट्रोलरमध्ये एकामागून एक फाइली चालवायचा क्रम देता येतो. वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळं म्हणतात, पण असतं: पहिली फाइल १ वेळा, दुसरी १ वेळा, मग परत पहिली. ४,५०० चे दोन तुकडे, २,२५० पिकांचे. प्रत्येकी ७,५६,००० बाइट आणि हेडर. दोन्ही मिळून एका फ्लॉपीवर मावणार नाहीत हे उघड आहे, दोन फ्लॉप्या लागतील. इथे एक गोष्ट तपासा: कंट्रोलर डिझाइन आधी स्वतःच्या मेमरीत पूर्ण उतरवून घेतो, की विणताना फ्लॉपीवरून थोडं थोडं वाचतो? पहिला प्रकार असेल आणि मेमरी १५ लाख बाइटच्या वर असेल तर काम झालं. दुसरा प्रकार असेल तर चादरीच्या मधोमध फ्लॉपी बदलावी लागेल, ते अव्यवहार्य.

तोडताना जोड कुठे येतो ते बघा. सलग चित्राच्या मधे न तोडता रंगाचा आडवा पट्टा जिथे बदलतो तिथे तोडा. तुकडे सारखेच हवेत असं नाही, १,९०० आणि २,६०० चालतील. बाण्याच्या रंगाचा क्रम फाइलबरोबर जातो, दुसऱ्या तुकड्याच्या पहिल्या पिकाचा रंग पहिल्या तुकड्याच्या शेवटाशी जुळतोय ना हे कॅडमध्ये बघून घ्या. आणि तुकड्यातल्या पिकांची संख्या बांधणीच्या (धागे गुंफायच्या पद्धतीच्या) रिपीटने भागली गेली पाहिजे. ८ पिकांची बांधणी असेल तर २,२५० नका करू, २,२४८ आणि २,२५२ पण नको, कारण २,२५२ ला ८ ने भाग जात नाही. ४,५०० लाच जात नाही. ४,४९६ किंवा ४,५०४ करा आणि मग तोडा. नाहीतर जोडावर एक बारीक आडवी रेघ कायम दिसत राहील, गिऱ्हाईक तीच आधी बघतं.

काठ दोन्ही टोकांना सारखा असेल तर आणखी सोपं. काठाची फाइल एकदाच ठेवा, क्रमात दोनदा बोलवा. उलटा काठ हवा असेल आणि कंट्रोलरला फाइल मागून पुढे चालवता येत नसेल तर मात्र तो वेगळा काढावा लागतो.

---

जुना_३४पिन

७२० च्या प्रश्नाकडे कोणी आलं नाही, तो मी घेतो.

एचडी फ्लॉपीला राइट-प्रोटेक्टच्या समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक असतं. पीसीचा ड्राइव्ह ते भोक बघून एचडीच्या पद्धतीने लिहितो. भोक झाकलं की डीडी समजून ७२० वर फॉरमॅट करू देतो: ९ सेक्टर, सेकंदाला अडीच लाख बिट, लिहिण्याचा प्रवाहही त्या मानाने. डॉसमध्ये फॉरमॅटला स्लॅश एफ कोलन ७२० द्या. झाकलं नाही आणि कंट्रोलरच्या ड्राइव्हला भोक ओळखायचा सेन्सरच नसेल, तर गोंधळ होतो: यंत्रावर ७२० मध्ये फॉरमॅट झालेली फ्लॉपी पीसीला "फॉरमॅट नाही" अशी दिसते.

पट्टी कसली लावायची याला महत्त्व आहे. बहुतेक ड्राइव्हमध्ये भोकाखाली बारीक बटण असतं, काहींत प्रकाशाचा सेन्सर. म्हणून पट्टी अपारदर्शक हवी, आणि पातळ. वायरिंगची काळी टेप नको. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये तिचा गोंद सुटतो, ड्राइव्हच्या आत फ्लॉपी अडकते आणि पट्टी आतच राहते. फ्लॉपीच्या लेबलचाच छोटा चौकोन कापून भोकाच्या दोन्ही बाजूंनी लावा, नखाने दाबून कडा बसवा.

चालेल का? साडेतीन इंचीत बहुतेक चालतं, कारण दोन्ही थरांत फरक कमी आहे. चुंबकत्व बदलायला लागणारा जोर डीडीला साधारण ६०० ओर्स्टेडच्या आसपास, एचडीला ७०० च्या वर. जुन्या सव्वापाच इंचीत तो ३०० आणि ६०० होता, तिथे ही युक्ती केली की डेटा गेलाच. साडेतीन इंचीत अडचण येते ती जुन्या खुणांची. दुकानातून येणारी एचडी फ्लॉपी कारखान्यातच १.४४ वर फॉरमॅट केलेली असते. त्यावर डीडीच्या कमी जोराने लिहिलं तर खालचं पूर्ण पुसलं जात नाही, थोडा आवाज मागे राहतो. कॅसेट पुसायचा एसी इरेझर मिळाला तर फ्लॉपी आधी त्यावर फिरवा: इरेझर चालू करा, फ्लॉपीवर गोल फिरवत हळूहळू दोन-तीन फूट लांब न्या, मग बंद करा. जवळ असताना बंद केला तर उलट ठसा उमटतो. आजूबाजूला बाकीच्या फ्लॉप्या ठेवू नका. त्यानंतर पट्टी, मग ७२०.

उलटी गोष्ट, म्हणजे तो भोक पाडलेला डबा, याच्या एकदम विरुद्ध. डीडीचा थर एचडीच्या जवळपास दुप्पट जाड आणि मऊ. त्यावर दुप्पट दाटीने बिट लिहिले की शेजारचे बिट एकमेकांना पुसतात, कडा सरकतात. त्या दिवशी फॉरमॅट होतं, कधी खराब सेक्टरही दाखवत नाही. काही आठवड्यांनी आतल्या ट्रॅकपासून वाचन सुटायला लागतं. फाइल आतल्या ट्रॅकपर्यंत गेलेली असते तिलाच हे आधी लागतं, आणि तुमची फाइल तर सगळी फ्लॉपी भरणारी. वर भोक पाडताना प्लॅस्टिकचा भुगा आत गेलेला असतो, तो हेडला ओरखडतो. तोच डबा भोकं झाकून ७२० साठी वापरता येईल का, हा प्रश्न मनात येईल, १.४४ म्हणून एकदा लिहून झाला असेल तर आधी इरेझर, आणि भुगा असेल तर तेही नको.

फ्लॉप्या सगळ्याच आता जुन्या आहेत. सोनीने २०११ मध्ये उत्पादन थांबवलं. सीलबंद डबा म्हणजे नवी फ्लॉपी असं समजू नका. वापरायच्या आधी झडप सरकवून चकती हाताने फिरवून उजेडात बघा. गोल रेघ किंवा पांढरट डाग दिसला की टाकून द्या. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये एकदा घातली तर थर सुटून हेडला चिकटतो आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही खरवडल्या जातात. शेडमध्ये सुताचे तंतू आणि कांजीची धूळ असतेच, म्हणून हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसत जा. सॅनिटायझर नको, त्यात इतर पदार्थ असतात. फ्लॉप्या झाकणाच्या डब्यात ठेवा, जकार्डच्या डोक्यावर ठेवू नका. तिथे इलेक्ट्रोमॅग्नेटची रांग आहे.

---

ताणाबाणा_सोलापूर

२० फाइलींची चाचणी केली. १७ ते २० एवढ्याच दिसल्या. म्हणजे १८ पक्का.

कंट्रोलर डिझाइन पूर्ण मेमरीत घेतो, क्रमही देता येतो. बांधणी ८ पिकांचीच आहे, ४,५०४ करून १,९०४ आणि २,६०० असे तुकडे पाडले, दोन्हींना ८ ने भाग जातो. तिरक्या रेघेचं डिझाइन दोन फ्लॉप्यांवरून उतरवलं, जोडावर रेघ सलग आहे. डबा घेतला नाही.

आता शेवटचं. दोन्ही कंट्रोलरना गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा डबा) बसवावा का? त्यात पेनड्राइव्हवरून चालतं म्हणतात. मग १९ सेक्टरची इमेज (अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब फाइल) त्यातून दिली तर?

---

जुना_३४पिन

गोटेक जरूर बसवा, पण १९ च्या आशेने नको. गोटेकमध्ये फिरणारी चकती नाही, त्यामुळे वेग, गॅप, थर हे सगळे प्रश्न संपतात. फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर (गोटेकच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) टाकलं तर १९ काय, २१ सेक्टरची इमेजही तो निमूट देतो. पण तुमच्या कंट्रोलरच्या डोक्यात १८ बसलेले आहेत, ते गोटेकने बदलत नाहीत. तीच रिकामी डिरेक्टरी दिसेल. १४,७४,५६० बाइटच्या साध्या इमेज करा आणि दोन तुकडे दोन इमेजमध्ये ठेवा. बटण दाबून एकावरून दुसरीवर जाता येतं, एवढा फायदा. ७२० वाल्यासाठी ७,३७,२८० बाइटची इमेज, तिथे पट्टी-इरेझरचा सगळा खटाटोप संपतो.

बसवताना तीन गोष्टी बघा. जुन्या ड्राइव्हला ३४ पिनांची रुंद केबल आहे की २६ पिनांची चपटी फिल्म? २६ असेल तर अडॅप्टर लागतो, आणि फिल्म ओढून काढू नका, कनेक्टरची कड आधी उचला. दुसरं, जुन्या ड्राइव्हवरचा सिलेक्ट जंपर कुठे आहे ते काढायच्या आधी बघून ठेवा. पीसीच्या पिळलेल्या केबलवर ड्राइव्ह १ लागतो, यंत्रात सरळ केबल असेल तर बहुधा ०. गोटेकवर त्यासाठी एस० आणि एस१ असे जंपर आहेत. तिसरं, ३४ वी पिन. पीसीत ती "फ्लॉपी बदलली" हा संकेत देते, बऱ्याच औद्योगिक कंट्रोलरमध्ये "ड्राइव्ह तयार" हा. जुळलं नाही तर यंत्र कायम "फ्लॉपी घाला" म्हणत बसतं. फ्लॅशफ्लॉपीच्या सेटिंग फाइलमध्ये इंटरफेस या ओळीत आयबीएमपीसी ऐवजी शुगार्ट लिहा आणि परत लावून बघा.

केबल उलटी लावली तर गोटेकचा दिवा सतत पेटलेला राहतो. जळत काही नाही, वीज बंद करून फिरवून लावा. वीज मात्र ५ व्होल्टच, जुन्या ड्राइव्हचा ४ पिनांचा प्लग उलटा बसणार नाही याची खात्री करूनच सुरू करा. जुना ड्राइव्ह फेकू नका, तेल-धूळ पुसून पिशवीत ठेवा.